एक भाग केमिकल, दहा भाग पाणी

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. त्यानंतर ज्या घरांत पहिल्यांदा चारचाकी आली, तिथे हार-नारळ झाल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो, की ही धुवायची कशाने? शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज पुढे केलं जातं. ऑनलाइन दुकानांत शॅम्पू, ऑल पर्पज क्लीनर, डिग्रीझर, आयर्न रिमूव्हर अशा बाटल्यांची रांग लागलेली असते. आणि सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणारे काका एक बादली न् एक फडकं यांवर दहा गाड्या उरकतात. या गोंधळात चर्चा होते ती ब्रँडची. गाडीच्या रंगाचं भलंबुरं मात्र ठरतं बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या आकड्यावर. १:४, १:१०, १:२५६. हे प्रमाण न वाचता महागातली बाटली आणली, तर पैसे तर जातातच, रंगही जातो.

प्रमाणाला एवढं महत्त्व का, हे समजायला हर्बर्ट सिनर यांच्याकडे जावं लागतं. हेन्केल या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या या रसायन अभियंत्याने १९५९ मध्ये धुलाईचं अख्खं शास्त्र एका वर्तुळात मांडलं. कोणतीही गोष्ट स्वच्छ होते ती चार गोष्टींमुळे: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. यातला एक वाटा कमी केला, तर बाकीच्यांना तेवढा भार उचलावा लागतो. हॉटेलांच्या हाउसकीपिंगपासून इस्पितळांच्या साफसफाईपर्यंत हे ‘सिनर सर्कल’ आजही शिकवलं जातं. गाड्यांच्या दुनियेत ते जितकं सांगितलं जायला हवं तितकं सांगितलं जात नाही, आणि इथेच खरी अडचण आहे. सोसायटीतल्या काकांचंच उदाहरण घ्या. बादलीत साधं पाणी असतं, म्हणजे रसायन शून्य. एका गाडीला मिळतात मोजकी मिनिटं, म्हणजे वेळही नाही. मग सगळा भार येतो घासण्यावर. आधीच्या गाड्यांची रेती बादलीत साठलेली असते, फडक्याबरोबर ती पुढच्या गाडीवर फिरते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड असतो. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात जी गोलगोल ओरखड्यांची जाळी दिसते, ती बहुतेक वेळा अशा पुसण्यातूनच आलेली असते. दोष त्या माणसाच्या हाताचा नाही, त्याच्या हातात रसायन आणि वेळ न देणाऱ्यांचा आहे. याच्या उलटं टोक काही वॉशिंग सेंटरांत दिसतं. मॅग व्हील झटपट चमकावेत म्हणून त्यांवर कडक ॲसिड मारलं जातं. तिथे घासणं आणि वेळ वाचवून सगळा भार रसायनावर टाकलेला असतो. केमिकलमध्ये पाणी किती घालायचं हे ठरवताना आपण खरं तर या वर्तुळात रसायनाला किती वाटा द्यायचा, हेच ठरवत असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की थोडं जास्त घातलं तर बिघडलं कुठे, उलट जास्तच साफ होईल. शॅम्पूच्या बाबतीत हे खरं नाही. शॅम्पूतले सर्फॅक्टंट पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, म्हणून पाणी मळाखाली शिरतं. एका ठरावीक प्रमाणानंतर पृष्ठताण आणखी उतरत नाही. जादा रेणू एकमेकांना बिलगून मायसेल नावाचे गोळे करतात. मळ पोटात घेण्यासाठी हे गोळे लागतात, पण रोजच्या धुळीला थोडे पुरतात. त्यापलीकडे ओतलेला शॅम्पू धुवून काढायला जास्त पाणी लागतं, आणि नीट निघाला नाही तर काचेवर अन् काळ्या प्लास्टिकवर पांढुरका थर ठेवून जातो. ऑल पर्पज क्लीनर किंवा डिग्रीझर यांचं गणित वेगळं आहे. ते आम्लारिधर्मी असतात आणि तिथे जास्त म्हणजे खरोखरच जास्त कडक. फक्त तो कडकपणा ग्रीस आणि ॲल्युमिनियमची पट्टी यांच्यात भेद करत नाही. पट्टीवर एकदा पांढरे डाग पडले की ते धुवून जात नाहीत.

इथे सामूची, म्हणजे पीएचची, एक खोड लक्षात ठेवायला हवी. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. तेरा सामूच्या तीव्र आम्लारीत दहा पट पाणी घातलं तरी सामू उतरतो जेमतेम एका अंकाने, बारावर. म्हणजे पाणी घातलं की केमिकल निरुपद्रवी झालं, हा समज चुकीचा आहे. व्हील क्लीनरच्या बाबतीत तर हा समज जिवावर बेतू शकतो. काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. सामू मोजून त्याचा धोका कळत नाही. पातळ द्रावण कातडीवर पडलं तर कित्येक तास दुखतही नाही, आणि तोवर ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला पकडू लागतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरात ते असण्याची शक्यता किती? लेबलवर ही नावं दिसली, किंवा लेबलच नसलं, तर ती बाटली कोणत्याही प्रमाणात घेऊ नये. चाकांवरच्या ब्रेकच्या धुळीसाठी आयर्न रिमूव्हर पुरतो. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाच्या कणांशी भिडलं की जांभळं होतं. बहुतेक आयर्न रिमूव्हर पाणी न घालताच वापरायचे असतात; फक्त ते चाकावर वाळू द्यायचे नाहीत.

आता हिशेब. १:१० म्हणजे एक भाग केमिकल आणि दहा भाग पाणी, एकूण अकरा भाग. अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीत त्यासाठी साधारण पंचेचाळीस मिली केमिकल जातं, १:४ साठी शंभर मिली. अमेरिकी बाटल्यांवर हेच १०:१ असं उलटं छापलेलं असतं; अर्थ तोच, पाणीच जास्त. प्रेशर मशीनला जोडायचा फोम कॅनन वापरणाऱ्यांची फसगत इथे सर्वांत जास्त होते, कारण बाटलीतलं द्रावण मशीन पुन्हा पाण्यात मिसळतं. समजा, बाटलीत शंभर मिली शॅम्पू आणि नऊशे मिली पाणी आहे, मशीन मिनिटाला सहा लिटर पाणी फेकतं आणि बाटली दोन मिनिटांत रिकामी होते. तर गाडीवर पडतं ते जवळपास १:१३० प्रमाणाचं मिश्रण. म्हणून लेबलवरचा आकडा बाटलीतल्या प्रमाणाचा की पत्र्यावरच्या, हे पाहूनच मापावं. किमतीचाही निवाडा याच हिशेबाने होतो. समजा, नऊशे रुपयांचं एक लिटर कॉन्सन्ट्रेट १:१० ने वापरलं, तर तयार द्रावण पडतं लिटरला ब्याऐंशी रुपयांना. तीनशे रुपयांची अर्ध्या लिटरची तयार स्प्रे बाटली पडते लिटरला सहाशेला. महाग दिसणारी बाटली अनेकदा स्वस्त निघते ती अशी. मात्र तयार द्रावण पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नये. घरातलं लहान मूल ती बाटली पाणी समजूनच तोंडाला लावेल.

हे सगळं हौशी लोकांचे चोचले आहेत, असंही म्हटलं जातं. नेहमीच्या वापरातल्या गाडीला खरं तर फार थोडं लागतं: उदासीन सामूचा शॅम्पू, एक ऑल पर्पज क्लीनर, चार-सहा मायक्रोफायबर आणि एक मापाचा कप. एकच क्लीनर टायरला १:४, दारांच्या कडांना १:१० आणि आतल्या प्लास्टिकला त्याहून पातळ करून पुरतो, लेबल परवानगी देत असेल तर. टचस्क्रीनवर तो मारू नये, तिथे नुसतं ओलसर मायक्रोफायबर पुरे. घरगुती उपाय मात्र टाळावेत: कपड्यांच्या पावडरीतला सोडा पत्र्यावरचं मेण काढून टाकतो आणि न विरघळलेले दाणे रंगावर घासले जातात. डिझेलचा हात फिरवल्याने येणारी चमक तेलाची असते. ती धूळ ओढते आणि रबर फुगवते. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीचीही यातून सुटका नाही, कारण तीव्र आम्लारी त्या कोटिंगचंच आयुष्य कमी करते. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात आरओ फिल्टरच्या पाण्याचा द्यावा, नाहीतर कॅल्शियमचे डाग उन्हात पक्के बसतात. गाडी सावलीतच धुवावी, कारण तापलेल्या बॉनेटवर केमिकल काम करण्याआधीच वाळतं.

सुरुवातीच्या आकड्यांतला शेवटचा आकडा आपल्या शहरांसाठी सर्वांत मोलाचा आहे. ऑप्टिमम या अमेरिकी कंपनीचं ‘नो रिन्स’ हे वॉश १:२५६ प्रमाणात वापरतात, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला चाळीस मिली. त्यातली पॉलिमर मळाचे कण वेढून घेतात, पत्र्यावर सरकतं अस्तर देतात आणि नंतर पाण्याने धुवावं लागत नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि पाच हजार रुपये दंड लावला गेला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. अशा प्रदेशात पाइप सोडून गाडी धुणं समर्थनीय उरलेलं नाही. पाण्याने न धुता पुसल्यावर ओरखडे पडतील ही शंका रास्त आहे, आणि पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीला हे वॉश चालतही नाही. पण शहरी धुळीवर आधी तेच द्रावण फवारून मिनिटभर मुरू दिलं, दर पत्र्याला फडक्याची नवी घडी घेतली आणि वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं नाही, तर कोरड्या पुसण्यापेक्षा ते कितीतरी सौम्य ठरतं. सिनर यांच्या वर्तुळात यामुळे घासण्यावरचा भार उतरून वेळ आणि रसायन यांच्यावर जातो.

हे सोसायट्यांनी एकत्र मिळून केलं तर खर्च मामुली आहे. रिन्सलेस वॉशचा एक कॅन, चाळीस मिलीचं माप, हातमोजे, दर गाडीला तीन-चार धुतलेली मायक्रोफायबर फडकी आणि पहाटे गाड्या पुसणाऱ्या काकांना दर गाडीमागे दहा मिनिटं जास्त, तीही त्यांच्या वाढीव मोबदल्यासह.