संदर्भनोंदींची फाइल आणि वाचक-आज्ञावलीची नवी आवृत्ती

संशोधनपर ग्रंथाच्या अखेरीस येणारी संदर्भसूची पूर्वी कार्डांवर सिद्ध होत असे. आता ती बहुधा संगणकातील साध्या मजकूर-फाइलीत साठविली जाते. अशा फाइलींचा एक सुप्रतिष्ठित साचा म्हणजे बिबटेक होय. डोनाल्ड कनुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारले आणि त्यास पूरक म्हणून ओरेन पताश्निक यांनी १९८५ मध्ये बिबटेक तयार केले. त्यात प्रत्येक नोंदीस ग्रंथ, लेख, प्रबंध असा एक प्रकार असतो, ओळखीसाठी एक संकेत असतो, आणि पुढे लेखक, शीर्षक, वर्ष इत्यादी रकाने असतात. हा साचा आजवर टिकला, कारण ही फाइल डोळ्यांनी वाचता येते.

यंत्रास मात्र ती वाचावयास शिकवावी लागते. हे काम प्रत्येकाने नव्याने करावे लागू नये म्हणून तयार आज्ञावलींचे संच उपलब्ध असतात. संगणकक्षेत्रात त्यांनाही 'लायब्ररी' असेच म्हणतात, हा नामयोग ग्रंथपालांस गमतीचा वाटेल. पायथन भाषेतील बिबटेक-पार्सर ही अशीच एक लायब्ररी. तिची दुसरी आवृत्ती ही पहिलीची डागडुजी नसून समूळ पुनर्लेखन आहे. साहजिकच जुन्या आज्ञा नव्या आवृत्तीत जशाच्या तशा चालत नाहीत. फाइल उघडण्याची आज्ञा बदलली आहे, आणि पूर्वी साध्या कोशाच्या रूपाने मिळणारी नोंद आता वेगळ्या रचनेत मिळते.

हे बदल त्रासदायक असले तरी धोक्याचे नाहीत. आज्ञा चुकली की काम थांबते आणि कारणही पडद्यावर दिसते. काळजी करावी ती न थांबता होणाऱ्या फरकांची. सूचीतून नोंद गळाली की ग्रंथ कपाटात असूनही वाचकापुरता नाहीसा होतो, आणि त्याची तक्रार करणारेही कोणी उरत नाही.

असे तीन फरक विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. वेगळी सूचना दिली नसेल, तर पहिली आवृत्ती बिबटेकच्या मूळ प्रमाण प्रकारांत न बसणाऱ्या नोंदी वगळीत असे. 'ऑनलाइन' हा आज सर्रास वापरला जाणारा प्रकार त्यांपैकीच होय. नव्या आवृत्तीत या नोंदी यादीत येतात. उलट, एकच संकेत दोन नोंदींस दिला गेला असेल, तर जुनी आवृत्ती दोन्ही नोंदी यादीत ठेवी. नवी मात्र दुसरी नोंद बाजूस काढून सदोष नोंदींच्या स्वतंत्र यादीत ठेवते. ती यादी पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, तर नोंद गेलीच म्हणावयाची. तिसरा फरक रकान्यांच्या नावांचा. रोमन लिपीतील 'ऑथर' हे नाव कोणी मोठ्या अक्षराने लिहिते, कोणी लहान. जुनी आवृत्ती सर्व नावे लहान अक्षरांत आणीत असे. नवी तसे आपोआप करीत नाही, सांगितल्यास करते. न सांगितल्यास काही ग्रंथ लेखकाविना छापले जाण्याचा संभव असतो.

यावरून केवळ एकूण संख्या जुळली म्हणून निर्धास्त राहणे किती फसवे आहे, हे ध्यानी येईल. दहा ऑनलाइन नोंदी आत आल्या आणि दहा दुबार नोंदी बाहेर गेल्या, तर बेरीज तीच राहील आणि सूची बदललेली असेल. म्हणून दोन्ही आवृत्त्यांकडून संकेतांच्या याद्या काढून त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात.

व्यक्तिनामांचा प्रश्न गोव्यातील सूचीकारांस अधिक जवळचा आहे. नावाचे भाग पाडण्याची जुनी जोडकामे नव्या आवृत्तीत पुन्हा लिहावी लागतात. तेव्हा मूळ नियम ठाऊक असलेला बरा. बिबटेक नावातील लहान अक्षराने आरंभ होणारा शब्द उपपद मानते आणि त्यापुढील सर्व शब्द आडनावात धरते. एकोणिसाव्या शतकात 'आर्किवो पोर्तुगेझ-ओरिएंताल' संपादित करणारे ज्वाकिम हेलिओदोरो द कुन्हा रिवारा यांच्या नावातील 'द' रोमन लिपीत लहान अक्षराने लिहिला, तर 'कुन्हा रिवारा' हे आडनाव अखंड राहते. तोच मोठ्या अक्षराने लिहिला, तर केवळ 'रिवारा' उरते आणि 'कुन्हा' पूर्वनामात जमा होते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीतच. त्यामुळे ही खूण तेथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी आडनाव आधी, मग स्वल्पविराम आणि नंतर नाव, हीच लेखनपद्धती निर्धोक ठरते. संस्था हीच लेखक असेल, तर तिचे नाव जादा महिरपी कंसात घालावे. अन्यथा 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' यातील 'मंडळ' हे आडनाव समजले जाईल!

ज्या कार्यालयांत अशा फाइली आहेत त्यांनी मूळ फाइलीची एक अस्पर्श प्रत आधी वेगळी ठेवावी. जुनी आवृत्ती काढून न टाकता नवी स्वतंत्र जागी बसवावी, आणि कोणती सूची कोणत्या आवृत्तीने तयार झाली याची नोंद फाइलीच्या आरंभीच टिपणीरूपाने करावी. संकेतांच्या याद्या व लेखकांची नावे ताडून होईपर्यंत जुनी आवृत्ती कार्यरत ठेवण्यास हरकत नाही.