परसातला पेव

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नेरळहून कळंबकडे येताना ओढ्याकाठी, कुंपणाच्या कडेला लाल शंकूवर उमललेली पांढरी फुले दिसतात. हे पेवाचे झाड. भारतापासून इंडोनेशियापर्यंत ते रानात आपोआप वाढते. विकतची परदेशी रोपे आमच्या पावसात कुजतात. पेवाला मात्र हाच पाऊस मानवतो.

लावायला सोपे आहे. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला कोंब असलेला कंदाचा तुकडा दोन-तीन इंच खोल लावावा. जुन्या दांड्याचे पेरांसह तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी फुटतात. जागा अर्ध्या सावलीची हवी. मातीत शेणखत आणि पालापाचोळा मिसळावा. पाणी साचू देऊ नये. झाड माणसाच्या उंचीचे होते, म्हणून दोन रोपांत हात-दीड हात अंतर सोडावे. पाने दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण लाल शंकू कित्येक दिवस राहतो.

थंडीत पाने पिवळी पडून दांडे वाळतात. झाड मेले समजून पुष्कळ जण कुंडी रिकामी करतात. तसे करू नका. कंद जमिनीखाली जिवंत असतो. पाणी कमी करा; पावसाबरोबर तो पुन्हा फुटेल. कंद जंगलातून उपटून आणू नये. कुणाच्या परसातून तुकडा मागून घ्यावा.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ‘इन्सुलिन प्लांट’ म्हणून विकले जाणारे रोप पेवाच्याच कुळातले, पण मूळचे ब्राझीलचे. दोन्हींची पाने साखरेवर औषध म्हणून चघळणारे लोक आम्ही पाहतो. घरातल्या अम्मी-अब्बांची डॉक्टरांनी दिलेली गोळी पानांच्या भरवशावर कधीही बंद करू नका. शिफा अल्लाहच्या हाती आहे, पण इलाज करण्याची ताकीदही आपल्याला दिलेली आहे.

फुलांवर मधमाश्या येतात, शंकूवर मुंग्यांची ये-जा असते, पुढे काळ्या बिया पाखरे नेतात. आपण लावलेल्या झाडातून पाखराने, जनावराने किंवा माणसाने खाल्ले तर तो सदका ठरतो, असे हदीसमध्ये आले आहे. या पावसाळ्यात मुलांच्या हातून एक कंद लावून घ्या, इन्शाअल्लाह.