वाळू संपायच्या आत लाल मणी

घरात तान्हं बाळ झोपलेलं असेल तर मिनिटभर त्याच्या पोटाकडे नुसतं बघत बसा. वर, खाली, वर, खाली. किती झाले? आपले श्वास मिनिटाला पंधरा-सोळा, बाळाचे सहज चाळीसच्या घरात. आता त्याच बाळाला न्यूमोनिया झालाय असं समजा. फुप्फुसातल्या इवल्या इवल्या फुग्यांत पाणी भरतं, एका श्वासात पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो. मग शरीर काय करतं? श्वास वाढवतं! दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठवर गेले किंवा त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नासवर गेले, की धोका ओळखायचा. एक्स-रे नको, स्टेथोस्कोप नको. आजार छातीवर उघडा दिसतो, फक्त मोजता आलं पाहिजे.

पण मोजणार कोण? जिथे डॉक्टर नाही तिथे मोजायला उरते गावातलीच एखादी बाई, आणि तिने शाळेचं तोंड पाहिलेलं नसेल तर?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने यावर काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अगदी लहानग्याच्या ओळीत पाच हिरवे आणि मग एक लाल, मोठ्या बाळाच्या ओळीत चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. बघा, साठ आणि पन्नास हे आकडे मण्यांतच जाऊन बसले! बाईला फक्त दहापर्यंत मोजता यायला हवं.

गावातल्याच बाईच्या हाती आरोग्य सोपवायचा हा विचार त्याआधीच रुजला होता, आणि तो कुठे लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात. इकडे देवळाली प्रवरा म्हणजे प्रवरेच्या पाण्याचा, उसाचा मुलूख. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला जामखेड, पावसाची वाट बघणारं. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्या काळात तिथे जन्मलेल्या हजार बाळांतली 176 वर्षाच्या आत दगावत होती.

आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवल्या. जमलं नाही. परक्या बाईचं ऐकणार कोण? मग गावानेच आपल्यातली बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या. झोपताना सगळ्यांना मिळून पांघरायला मोठाली गोधडी! गावात एकमेकींच्या सावलीपासून दूर राहणाऱ्या बाया एका गोधडीत. माझ्या मते त्या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड धडा हाच होता, आणि तो फळ्यावर लिहावा लागला नाही.

शिकवण्याची रीतही बघण्यासारखी. आपण भाकरी थापायला पुस्तकातून शिकतो का? आईशेजारी बसायचं, एक थापायची, ती फाटली की पुन्हा. जामखेडला तसंच. थोडं शिकायचं, गावात जाऊन करून बघायचं, पुढच्या आठवड्यात अडचण घेऊन परत यायचं. अभ्यासक्रम संपला, प्रमाणपत्र मिळालं, असा दिवसच नाही. शिकणं वर्षानुवर्षं चालूच.

आणि शिकायचं काय, तर जुलाबावर द्यायचं पाणी. लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव घेऊन बघायची, आपल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. इतकंच? पण आत काय घडतं ते ऐका. आतड्याच्या भिंतीत एक दार असतं. त्यातून मीठ आणि साखर हातात हात घालूनच आत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. कॉलऱ्याने आतडं पाणी बाहेर फेकत असतं, तेव्हाही हे दार चालू राहतं! 1978 साली ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. ती प्रगती जामखेडच्या बाया चुलीशेजारी, चमच्याने, जिभेवर तपासत होत्या.

जगाने दखल घेतली. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीचे असे प्रयोग एका पुस्तकात गोळा केले, त्यात एक प्रकरण जामखेडचं आहे. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिकडे गडचिरोलीत आरोग्यदूत बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळली. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. सुई टोचणारी, वजन करणारी, आईच्या अंगाशी बाळ कसं धरायचं ते दाखवणारी ही आरोग्यदूत त्याच गावची होती.

2005 पासून देशात ‘आशा’ स्वयंसेविका आल्या. आज देवळाली प्रवराच्या आसपासच्या एखाद्या वस्तीवर बाळ दवाखान्यात जन्मून घरी आलं, की आशाताईने 42 दिवसांत सहा वेळा त्या घरी जायचं असतं. घरीच बाळंतपण झालं असेल तर सात वेळा. पिशवीत थर्मामीटर, वजनाची झोळी, घड्याळ. ती येते, हात धुते, बाळाचं दुपटं बाजूला करते आणि एकाएकी गप्प होते.

त्या एका मिनिटात तिला चहाचं विचारू नका, टीव्हीचा आवाज कमी करा. ती मोजतेय.