मूत्रपिंडाला न पोचलेला निरोप

आमचे अब्बा तापट होते. त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा घरादाराने निदान करून टाकले : रागामुळे! जो तो त्यांना 'शांत राहा' म्हणे. ताटातला सुका जवळा आणि लोणचे मात्र कुणी हलवले नाही. पुढे पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. पन्नाशीत माझी पाळी आली. मी स्वभावाने थंड, तरी दाब १६०/१००. "डॉक्टरसाहेब, मला तर रागच येत नाही," मी म्हणालो. ते हसून म्हणाले, "राग राहू द्या, मूत्रपिंडाकडे बघा."

आम्ही कवींनी हृदयावर आणि काळजावर ढिगाने लिहिले, मूत्रपिंडावर एक ओळ खर्च केली नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात दीड किलोच्या आसपास मीठ असते. बारीक नलिकांच्या पेशी त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक मीठ रक्तात परत ओढतात, उरलेले लघवीतून जाते. या हिशेबात अर्धा टक्का चुकला तरी साडेसात ग्रॅम मीठ मागे राहील. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभरात पाच ग्रॅमहून कमीच खा! मीठ साठले की पाणी साठते, दाब चढतो.

हा हिशेब सांभाळणाऱ्यांत एक आहे डोपामाइन. आपण त्याला मेंदूतले द्रव्य म्हणून ओळखतो; त्या कामासाठी स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेलही मिळाले. पण मूत्रपिंड आपले डोपामाइन स्वतःच तयार करते. जेवणात मीठ वाढले की तेही वाढते, आणि पेशीवरच्या 'डी-१' नावाच्या ग्राहीवर जाऊन बसते. ग्राही म्हणजे दारावरची घंटा समजा. ती वाजली की मीठ परत ओढणारे पंप मंदावतात आणि जादा मीठ बाहेर पडते.

काही रक्तदाबाच्या रुग्णांत डोपामाइन असते, घंटाही असते, पण आतली तार तुटलेली. बटण दाबले तरी घरात आवाज नाही. अमेरिकेतले रॉबिन फेल्डर, पेद्रो होझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यामागचे एक कारण दाखवले. 'जीआरके-४' या विकराचे काम निरोप पोचल्यावर घंटा शांत करण्याचे. त्याच्या जनुकात काही बदल असले, तर तो तिला कायमचीच गप्प करतो. सगळ्यांचा रक्तदाब यानेच वाढतो असे नाही. अब्बांचे हेच झाले, असेही मी म्हणत नाही. पण एकाच हंडीतले जेवून एकाचा दाब चढतो आणि दुसऱ्याचा नाही, याचे एक उत्तर इथे आहे. अब्बांना आम्ही उगाच बोल लावत राहिलो, हे मला त्या दिवशी फार लागले.

मग डोपामाइनच का देत नाहीत? ते शिरेतूनच द्यावे लागते आणि हृदयावरही परिणाम करते. 'डी-१' वर चालणारे फेनोल्डोपाम १९९७ साली अमेरिकेत मंजूर झाले, पण तेही रुग्णालयात, शिरेतूनच. मला रोज सकाळी मिळते ती साधी लघवीची गोळी. ती त्याच नलिकेच्या पुढच्या वळणावर मिठाला परत जाऊ देत नाही. जवळा आता महिन्यातून एकदा, तोही तीन पाण्यांत धुऊन.