अर्ध्या थेंबाची तपासणी
छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. गोळीत औषध नेमके किती, हे एचपीएलसी यंत्रावर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. गोळीच्या द्रावणाचे साधारण १० ते २० मायक्रोलिटर, म्हणजे अर्ध्या थेंबाहून कमी, यंत्रात सोडतात. निकालाची मोठी भिस्त या पायरीवर. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावा, नाहीतर यंत्रातला कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, तुंबतो. नमुना शक्यतो यंत्रातून वाहणाऱ्या द्रावकातच विरघळवावा. नमुन्याचा द्रावक त्याहून फार तीव्र असला तर यंत्राच्या आलेखावरचे औषधाचे शिखर पसरते किंवा दुभंगते. नमुना सोडणारी सुई आतबाहेरून धुवावी, नाहीतर आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरतो. एकच द्रावण पाच-सहा वेळा सोडून आकडे जुळतात का, हे आधी पाहावे. ही काळजी घेतली तरच गोळीच्या मात्रेवर रुग्णाला विश्वास ठेवता येतो.