रक्त उसळते म्हणजे काय?

हुतूतूच्या डावात दोघे मुलगे एकमेकांच्या अंगावर धावून गेले व घरी निरोप धाडला, म्हणजे पालकांचे उत्तर बहुधा एकच येते : 'मास्तर, वयच तसे आहे; रक्त उसळते.' या उत्तरात तथ्य किती, हे आम्ही येथे पाहणार आहो.

आमच्या जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास यातील अर्धी गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. गोऱ्हा खच्ची केला म्हणजे निमूटपणे जू मानेवर घेतो; तसाच ठेवला तर वळू होऊन शिंगे रोखतो. पोळ्यास वेशीपाशी बैलांची रांग खांद्यास खांदा लावून उभी असते; वळूंची तशी रांग लावण्याचे धाडस कोणी करणार नाही.

१८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बर्टोल्ड नामक पंडिताने कोंबड्यांवर हेच पाहिले. वृषणे काढलेले कोंबडे आरवेनात, झुंजेनात. परंतु ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसविले, ते आरवू व झुंजू लागले. मज्जातंतूंचा पूर्वीचा जोड तर तुटलेलाच होता. तेव्हा काही द्रव्य रक्तातूनच वाहत असले पाहिजे. १९३५ साली ते शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि तेही वळूंच्याच वृषणांतून! त्यास टेस्टोस्टेरॉन म्हणतात. अशा द्रव्यांस संप्रेरके ही संज्ञा आहे.

मग पालकांचे म्हणणे खरे ठरले काय? वयात येताना मुलांच्या रक्तात हे द्रव्य अनेक पटींनी वाढते, हे खरे. पण भांडणे त्या पटीने वाढत नाहीत. मनुष्यांत या द्रव्याचे प्रमाण व भांडखोरपणा यांचा संबंध क्षीणच आढळला आहे. उलट, तान्ह्या लेकरास सांभाळणाऱ्या बापाच्या रक्तात ते उतरते. म्हणजे ग्रंथी माणसास हलविते, तसे माणसाचे वागणेही ग्रंथीस हलविते.

याहून नवलाचा प्रयोग स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे झाला. तो २०१० साली छापून आला. शंभराहून अधिक स्त्रियांपैकी काहींस हे द्रव्य व काहींस निरुपद्रवी औषध देऊन पैशाची वाटणी करावयास सांगितले. कोणास काय दिले, हे त्यांस सांगितले नव्हते. ज्यांस द्रव्य मिळाले होते, त्यांनी अधिक न्याय्य वाटणी केली. परंतु आपणांस ते मिळाले आहे असे ज्यांस नुसते वाटले, त्यांनी दुसरीस कमी देऊ केले!

हे वाचताना आम्हांस पालकांचे ते उत्तर आठवले. ते बहुधा मुलाच्या देखतच दिलेले असते.