दोष आईचा नव्हे, संगतीचाही नव्हे

सोलापुरात सात रस्त्याच्या परिसरात हा विषय निघालाच तर दबक्या आवाजात निघतो, आणि एखाद्या तरुणाचे मन मुलीकडे न वळता मुलाकडेच का वळले याची चौकशी थोड्याच वेळात आईच्या लाडांवर, बापाच्या धाकावर किंवा वसतिगृहातल्या संगतीवर येऊन ठेपते. कसूर कोणाची, एवढेच जणू ठरवावयाचे असते.

आईबापांवरील हा आरोप केवळ गावगप्पांतून उपजलेला नाही. तो मानसशास्त्राच्याच दफ्तरातून बाहेर पडलेला आहे. फ्रॉइडने या प्रवृत्तीचा उगम बालपणात शोधला खरा, पण त्यानेच १९३५ साली एका अमेरिकन मातेस लिहिले की, हिला रोग म्हणता येत नाही व तीत लाजण्यासारखे काही नाही. शिष्यांना मात्र गुरूचा हा संयम मानवला नाही. १९६२ साली मनोविश्लेषक बीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिनिकट आई आणि अलिप्त बाप हे समलैंगिकतेचे कारण ठरवले. परंतु त्यांनी तपासलेले सारे पुरुष मनोविश्लेषकांचे रुग्ण होते, आणि त्यांची कैफियत लिहून दिली ती त्या विश्लेषकांनीच! दवाखान्याबाहेरच्या स्त्रीपुरुषांना बेल, वाइनबर्ग आणि हॅमरस्मिथ यांनी प्रत्यक्ष विचारले, तेव्हा १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आईबापांच्या वागणुकीचा प्रभाव नगण्य ठरला. शिवाय बापाचा दुरावा हा मुलाच्या वेगळेपणाचे कारण नसून परिणाम असू शकतो, ही साधी बाब आरोप करणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती.

हा कल म्हणजे संगतीने जडलेली सवय असती, तर ती मोडताही आली असती. त्यासाठी विजेचे झटके आणि ओकारीची औषधे देऊन झाली. कल पालटला नाही, पदरी पडली ती भीती आणि खिन्नता. जनुकांचा शोध घेणाऱ्यांनाही २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या तपासणीत कोणतेही एक निर्णायक जनुक सापडले नाही. लहानमोठे अनेक जैविक घटक त्यात गुंतलेले दिसतात, आणि माणसाची स्वतःची निवड त्यात जवळजवळ नसतेच.

हे परदेशी खूळ आहे म्हणणाऱ्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील खटला आठवावा. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे दिल्याबद्दल त्याचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली, आणि १९३४ साली त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाच्या आधारे केली. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारणारे वाचक मराठीच होते.

लग्न लावून दिले की सारे ठीक होईल, ही समजूत मला सर्वांत निर्दय वाटते, कारण तिची किंमत परक्या घरची मुलगी भरते. कल पालटण्याचा इलाज करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. असा इलाज देऊ करणाऱ्या डॉक्टरची तक्रार पालकांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे अवश्य करावी.